छोट्या संगणकांची खातरजमा

घरांतील विजेच्या पेटींत पूर्वीं एक बारीक तार बसविलेली असे. जुन्या घरांतून ती अद्यापहि आढळते. ती वितळली म्हणजे घरांत अंधार पडतो, आणि घरांतील एखादा उद्योगी मनुष्य हाताशीं सांपडेल ती तार तेथें गुंडाळून मोकळा होतो. ही तार नेमलेल्या तारेपेक्षां जाड असली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात आणि सर्व कांहीं यथास्थित आहे असें घरच्या मंडळींस वाटतें. चूक झालेली असते, पण ती दिसत नाहीं. ज्या दिवशीं कोठें तरी दोन तारा एकमेकींस चिकटतात आणि घर वांचविण्यासाठीं जी तार वितळावयाची ती वितळतच नाहीं, त्या दिवशीं ती चूक प्रकट होते. आणि तोंपर्यंत ती तार कोणीं बसविली होती याची कोणास आठवणहि राहिलेली नसते.

आजच्या घरांत अशाच जातीच्या, पण डोळ्यांना मुळींच न दिसणाऱ्या चुकांना जागा झाली आहे. कपडे धुण्याचें यंत्र, इमारतीची लिफ्ट, विजेचें नवें मीटर, रक्तदाब मोजण्याचें उपकरण, मोटारीचे ब्रेक, यांपैकीं बहुतेकांच्या पोटांत नखाएवढा एक संगणक असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. नेमून दिलेलें एकच काम तो जन्मभर करीत राहतो. यंत्रांतच कायमचा बसवून टाकलेला म्हणून त्याला 'एम्बेडेड' संगणक असें नांव पडलें आहे. एवढ्याशा संगणकालाहि एकाच वेळीं अनेक व्यवधानें संभाळावीं लागतात. कपडे धुण्याच्या यंत्रांत पाण्याची पातळी पहावयाची असते, मोटार फिरवावयाची असते, दाराचें कुलूप लावून ठेवावयाचें असतें, आणि मधेंच कोणीं बटण दाबलें तर त्याचीहि दखल घ्यावयाची असते. या सर्व कामांना पाळी लावून देणारा जो मूळचा प्रोग्राम त्याला ऑपरेटिंग सिस्टिम, मराठींत कार्यप्रणाली, असें म्हणतात.

अशी प्रणाली प्रत्येक कारखानदार स्वतः लिहीत बसत नाहीं. रिचर्ड बॅरी यांनीं २००३ सालीं 'फ्रीआरटीओएस' नांवाची एक लहानशी कार्यप्रणाली लोकांपुढें ठेवली. २०१७ पासून तिचा सांभाळ ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही कंपनी करीत आहे. २०१६ सालीं लिनक्स फाउंडेशन या संस्थेनें 'झेफिर' नांवाची दुसरी प्रणाली पुढें आणली. घरांतील इंटरनेटचा राउटर किंवा दूरदर्शन संच यांसारख्या थोड्या मोठ्या यंत्रांत लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं सुरू केलेली 'लिनक्स' प्रणाली पुष्कळदां असते. या प्रणाली कोणालाहि मोफत घेतां येतात आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या अनेक जातींच्या चिपांवर चालवितां येतात.

परंतु चिपा सर्व सारख्या नसतात. कोणाचें घड्याळ जलद, कोणाचें मंद. कोणाची स्मृति मोठी, कोणाची अगदींच तोकडी. तेव्हां एकच प्रणाली सर्वांस पुरावी म्हणून तिच्या कर्त्यांनीं तिच्यांत कांहीं जागा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. शिंप्याला सदऱ्याचा बेत ठाऊक असतो, मापें मात्र गिऱ्हाइकाचीं घ्यावीं लागतात, तसाच हा प्रकार आहे. घड्याळाची गति किती, स्मृति किती, कोणत्या सोयी हव्यात आणि कोणत्या नकोत, हें सर्व भरून दिल्यावर प्रणाली त्या विशिष्ट चिपेच्या मापाची होते. या भरून दिलेल्या मजकुराला 'कॉन्फिगरेशन' म्हणतात. मराठींत त्याला जुळणीची यादी म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां प्रश्न असा येतो कीं, या यादींत जें लिहिलें तें समोरच्या चिपेविषयीं खरें आहे, याची खात्री कोण करतो? प्रणाली स्वभावतः यादीवर विश्वास ठेवते. यादी भरणारा मनुष्य पुष्कळदां ती जुन्या कामावरून उतरवून घेतो. हा जुना आंकडा मागल्या चिपेवर बरोबर असतो, म्हणून तो नव्या चिपेवरहि बरोबर असेल असें तो धरून चालतो. आणि विजेच्या पेटींतील जाड तारेची गोष्ट येथेंच सुरू होते.

कांहीं चुका सुदैवानें लगेच उघड्या पडतात. घड्याळाचेंच उदाहरण घ्यावें. कार्यप्रणालीला कामांच्या पाळ्या लावण्यासाठीं ठराविक अंतरानें एक ठोका हवा असतो. सेकंदाला हजार ठोके ही सामान्य रीत आहे. चिपेचें घड्याळ सेकंदाला ७ कोटी २० लक्ष आंदोलनें करीत असेल, तर ७२,००० आंदोलनें मोजून एक ठोका द्यावा लागतो. यादींत चुकून निम्मी गति लिहिली गेली, तर प्रणाली ३६,००० आंदोलनांनींच ठोका देऊं लागते आणि यंत्राचा काळ दुप्पट वेगानें धांवूं लागतो. दहा मिनिटें भिजत राहावयाचे कपडे पांचव्या मिनिटाला बाहेर पडतात. ही चूक पहिल्याच दिवशीं कारखान्यांत कोणाच्या तरी लक्षांत येते व दुरुस्त होते.

याच ठोक्याच्या बाबतींत दुसरी एक चूक अधिक फसवी आहे. 'कॉर्टेक्स-एम' या नांवाच्या चिपांच्या कुळांत ठोके मोजणारा जो गणक असतो, तो २४ बिटांचा असतो. म्हणजे १,६७,७७,२१६ पेक्षां मोठी संख्या त्याला मोजतां येत नाहीं. एखाद्या चिपेचें घड्याळ सेकंदाला १६ कोटी ८० लक्ष आंदोलनें करीत आहे, आणि विजेची बचत व्हावी म्हणून कोणीं सेकंदाला दहाच ठोके मागितले आहेत, असें समजावें. दोन्ही आंकडे स्वतंत्रपणें निर्दोष आहेत. गति खरी आहे आणि दहा ठोके मागणें हाहि कांहीं अपराध नाहीं. परंतु भागाकार केला म्हणजे १,६८,००,००० ही संख्या येते, आणि ती गणकाच्या मर्यादेपेक्षां २२,७८४ नें अधिक भरते. गणक तक्रार करीत नाहीं. मर्यादेबाहेरचा भाग तो सोडून देतो आणि उरलेली २२,७८४ हीच संख्या प्रामाणिकपणें मोजूं लागतो. परिणामीं सेकंदाला दहा ठोक्यांऐवजीं सात हजारांहून अधिक ठोके पडूं लागतात. चूक कोणत्याहि एका आंकड्यांत नसून त्या दोहोंच्या, आणि त्या विशिष्ट चिपेच्या, संयोगांत असते. म्हणून प्रत्येक नोंद सुटी सुटी वाचून यादी तपासली असें समाधान मानतां येत नाहीं.

अशा चुका पकडण्याचे तीन प्रसंग असतात: यादी भरतांना, प्रोग्राम तयार होतांना, आणि यंत्र सुरू होतांना. घरीं येणारा माल जसा दुकानांत पहावा, दारांत पहावा आणि वापरण्यापूर्वीं पुन्हां पहावा, तशीच ही व्यवस्था आहे.

पहिल्या प्रसंगासाठीं लिनक्सच्या कर्त्यांनीं २००२ पासून 'केकॉन्फिग' नांवाची एक पद्धति वापरांत आणली; झेफिरनेंहि तीच उचलली आहे. या पद्धतींत यादींतील प्रत्येक पर्यायाबरोबर त्याच्या अटी लिहून ठेवतात. अमुक जातीची चिप निवडली असेल तरच हा पर्याय दाखवावा, या जागीं अमुक ते अमुक यांच्या दरम्यानचाच आंकडा घ्यावा, अशा त्या अटी असतात. त्यामुळें एखाद्या चिपेंत जी सोय मुळांतच नाहीं ती मागण्याची संधिच भरणाऱ्यास मिळत नाहीं. झेफिरमध्यें याशिवाय यंत्राच्या पट्टीचें वर्णन निराळें लिहितात: कोणतें उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे, कोणत्या तारेला जोडलेलें आहे, इत्यादि. त्या वर्णनांत कोणत्या नोंदी आवश्यक व त्या कोणत्या स्वरूपाच्या, याचे नमुने ठरलेले असतात, आणि वर्णन त्या नमुन्याशीं ताडून पाहिलें जातें.

तथापि या पद्धतींत एक पळवाटहि आहे. एक पर्याय निवडला कीं दुसरा आपोआप निवडला जावा, अशी आज्ञा देण्याची तीत सोय आहे. ही आज्ञा त्या दुसऱ्या पर्यायाच्या अटी पहात नाहीं. ती त्याला सरळ ओढून आंत घेते. केकॉन्फिगच्या अधिकृत माहितींत ही आज्ञा जपून वापरावी असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. दारावर पहारेकरी बसवावा आणि मागल्या दारानें मंडळींस आंत घ्यावें, तसें तें होतें. म्हणून पहिल्या तपासणीवर सर्व भिस्त ठेवणें बरें नव्हे.

दुसरा प्रसंग प्रोग्राम तयार होतांना येतो. मनुष्यानें लिहिलेला मजकूर चिपेच्या भाषेंत उतरविण्याचें काम कंपायलर नांवाचा प्रोग्राम करतो. बहुतेक कार्यप्रणाली सी भाषेंत लिहिलेल्या असतात, आणि त्या भाषेंत 'ही अट पुरी होत नसेल तर काम येथेंच थांबव आणि हा निरोप दाखव' असें लिहून ठेवण्याची सोय जुनीच आहे. २०११ सालीं ठरलेल्या त्या भाषेच्या मानकानें या कामासाठीं आणखी एक सुटसुटीत साधन दिलें. मागें सांगितलेला ठोक्यांचा भागाकार कंपायलरकडूनच करवून घेतां येतो. उत्तर गणकाच्या मर्यादेबाहेर गेलें कीं प्रोग्राम तयारच होत नाहीं. ही तपासणी यंत्राच्या स्मृतीचा एक कणहि खात नाहीं, कारण ती कारखान्यांतील टेबलावरच पुरी होते.

परंतु कंपायलरलाहि एक खोड आहे. तयारीच्या अटींत एखादें नांव आलें आणि तें नांव कोठेंच ठरविलेलें नसेल, तर सी भाषेच्या नियमाप्रमाणें तो त्याची किंमत शून्य धरतो आणि निमूटपणें पुढें जातो. म्हणजे यादींत पर्याय चालू केलेला आहे, पण प्रोग्रामांत त्याचें नांव लिहितांना एका अक्षराची चूक झाली आहे, असें असेल तर तो भाग गळून पडतो व कोणास पत्ता लागत नाहीं. हा केवळ तर्क नव्हे. जर्मनींतील एर्लांगेन येथील विद्यापीठांत राइनहार्ड टार्टलर व त्यांचे सहकारी यांनीं लिनक्सची यादी आणि लिनक्सचा प्रत्यक्ष मजकूर हीं दोन एकमेकांशीं ताडून पाहणारें साधन तयार केलें. त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणें लिनक्सच्या यादींत त्या वेळीं दहा हजारांहून अधिक पर्याय होते, आणि या साधनाला यादी व मजकूर यांतील १,७७६ विसंगति सांपडल्या. त्यांपैकीं ३६४ विसंगतींवर त्यांनीं १२३ दुरुस्त्या सुचविल्या, आणि त्यांतील २० विसंगति खरोखरीचे नवे दोष असल्याचें लिनक्सच्या कर्त्यांनीं मान्य केलें. एका ठिकाणीं तर 'सीपीयू' आणि 'हॉटप्लग' हे दोन शब्द केवळ उलट क्रमानें लिहिले गेले होते. जगांतील निष्णात माणसें रोज वाचीत असलेल्या मजकुरांत ही चूक टिकून राहिली, याचें कारण एवढेंच कीं तिनें कसलाहि आवाज केला नाहीं. अनोळखी नांव दिसतांच इशारा दे, असें कंपायलरला सांगून ठेवतां येतें. जाणते लोक तसें सांगून ठेवतात.

तिसरा प्रसंग यंत्र सुरू होतांनाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. कारण पहिल्या दोन तपासण्यांत यादी कागदाशीं ताडली जाते. चिप तेथें हजर नसते. कागदावर एका चिपेचें नांव आणि पट्टीवर दुसरीच चिप, असा प्रकार झाला तर त्या दोन्ही तपासण्या बिनतक्रार पार पडतात. यंत्र सुरू झाल्यावर मात्र प्रत्यक्ष चिपेलाच प्रश्न विचारतां येतो. हें कसें करतात, तें फ्रीआरटीओएसच्या एका प्रसिद्ध उदाहरणावरून नीट समजतें.

चिप एखादें काम करीत असतां बाहेरून निकडीची सूचना येते: बटण दाबलें गेलें, पाणी भरलें, निरोप आला. तेव्हां चालू काम अर्धवट ठेवून चिप त्या सूचनेकडे वळते. या सूचनेला 'इंटरप्ट' म्हणतात. सर्व सूचना सारख्या निकडीच्या नसतात, म्हणून प्रत्येकीला अग्रक्रमाचा आंकडा देतात. कॉर्टेक्स-एम कुळांत हा आंकडा जितका लहान तितकी निकड मोठी. शून्य म्हणजे सर्वांत निकडीची.

कार्यप्रणालीजवळ कामांच्या पाळ्यांच्या नोंदवह्या असतात. एखादा कारकून खतावणींत जमेची रकम मांडून झाला आहे आणि नांवेची मांडावयाची आहे, इतक्यांत त्याच्या हातांतून वही ओढून दुसऱ्यानें तींत आपली नोंद केली, तर हिशेब बिघडलाच. म्हणून नोंद करीत असतां प्रणाली दाराला कडी लावते. ती एक आंकडा ठरविते आणि चिपेला सांगते कीं, या आंकड्याच्या किंवा त्याहून कमी निकडीच्या सूचना नोंद पुरी होईपर्यंत थोपवून धर. हा कडीचा आंकडा यादींत भरावा लागतो. येथेंच एक विलक्षण नियम आहे. कडीचा आंकडा शून्य असेल, तर चिप त्याचा अर्थ 'कोणालाहि थोपवूं नको' असा घेते. शून्याची कडी म्हणजे उघडें दार.

आतां चिपेची खोंच पहावी. अग्रक्रमाच्या आंकड्यासाठीं आठ बिटांची जागा ठेवलेली असते. परंतु कॉर्टेक्स-एम३ व एम४ या जातींत ती सर्व जागा वापरलीच पाहिजे असें नाहीं. चिप बनविणारा कारखाना वरचे तीनच बिट प्रत्यक्षांत बसवूं शकतो, किंवा चार, किंवा अधिक. खालच्या न बसविलेल्या बिटांत कांहींहि लिहिलें तरी तेथें शून्यच राहतें. 'एसटीएम३२' मालिकेंतील या जातींच्या चिपांत चार बिट आहेत, म्हणजे अग्रक्रमाच्या सोळा पायऱ्या; दुसऱ्या कांहीं कारखान्यांच्या चिपांत तीनच बिट, म्हणजे आठ पायऱ्या.

याचा परिणाम असा होतो. चार बिटांच्या चिपेवर पांचवी पायरी हवी असेल तर आठ बिटांच्या जागेंत ८० हा आंकडा लिहावा लागतो, कारण पांच हा आंकडा वरच्या चार बिटांत बसवावयाचा असतो. भरणाऱ्यानें सरळ ५ लिहिलें, तर तो आंकडा संपूर्णपणें खालच्या चार बिटांत पडतो. तेथें धरून ठेवणारें कांहींच नसतें, आणि चिपेजवळ शून्य उरतें. यादींत पांच, चिपेंत शून्य, आणि दार सताड उघडें. दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १६ हा आंकडा चार बिटांच्या चिपेवर बिनचूक आहे. तो तेथें पहिली पायरी दाखवितो. तीच यादी तीन बिटांच्या चिपेवर उतरविली, तर १६ मधील तो एकुलता बिट न बसविलेल्या जागेंत पडतो आणि पुन्हां शून्य उरतें. ज्यानें यादी उतरविली त्यानें एक अक्षरहि चुकविलेलें नसतें.

असें यंत्र सुरू होतें, चालतें, परीक्षेंत उत्तीर्णहि होतें. कारण नोंद करण्याचा क्षण अत्यंत अल्प असतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं सूचना येऊन थडकण्याचा योग क्वचित् येतो. तो योग कारखान्यांतील टेबलावर येईलच असें नाहीं. कदाचित् तो महिन्यांनंतर, एखाद्या रुग्णाच्या उशाशीं ठेवलेल्या उपकरणांत येतो. तेव्हां यंत्र अकस्मात् थबकतें, पुन्हां चालू केलें कीं नीट चालतें, आणि दुरुस्तीला आलेला कारागीर 'कांहीं दोष दिसत नाहीं' असें लिहून परत जातो.

यावर फ्रीआरटीओएसच्या कर्त्यांनीं केलेला उपाय साधा आहे. कामें सुरू करण्यापूर्वीं प्रणाली अग्रक्रमाच्या एका जागेंतील मूळचा आंकडा जपून ठेवते, मग त्या जागेंत आठहि बिट भरून, म्हणजे २५५, लिहिते आणि लागलीच तीच जागा वाचून पहाते. चार बिटांची चिप २४० असें उत्तर देते, तीन बिटांची २२४ असें देते. जें टिकलें तें बसविलेलें. जें गळालें तें नसलेलें. या उत्तराच्या चाळणींतून यादींतील कडीचा आंकडा गाळून पाहतात. गाळून शून्य उरलें तर प्रणाली पुढें पाऊल टाकीत नाहीं. जेथें चूक सांपडली तेथेंच थांबते. यादींत बिटांची संख्या निराळी नोंदविलेली असेल तर तीहि याच वेळीं ताडून पहातात. शेवटीं मूळचा आंकडा जागच्या जागीं ठेवला जातो. एवढ्या सर्वाला एक पापणी लवण्याइतकाहि वेळ लागत नाहीं. कागद काय म्हणतो याची येथें विचारपूस नाहीं. साक्ष खुद्द चिपेची घेतली जाते. फ्रीआरटीओएसची माहितीपुस्तिका लोकांच्या तक्रारींच्या कारणांत या अग्रक्रमाच्या चुकीला पहिलें स्थान देते, यावरून या साक्षीचें मोल ध्यानांत यावें.

मात्र ही तपासणी आपोआप होत नाहीं. ती चालू ठेवावी कीं नाहीं हाहि यादींतीलच एक पर्याय असतो! तपासणीचा मजकूर स्मृतींत थोडी जागा घेतो व कांहीं तपासण्या यंत्र चालू असतांनाहि वेळ खातात, म्हणून तो पर्याय बंद करण्याचा मोह होतो. माल बाजारांत पाठविण्याच्या घाईंत तो बंद केला कीं इतर सर्व तपासण्या त्याच्याबरोबर मूक होतात. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यावर होणारी तपासणी महाग पडेल हें खरें. पण सुरू होतांना एकदांच होणारी तपासणी कायम ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. चूक सांपडल्यावर काय करावयाचें हें मात्र आधीं ठरवून ठेवावें लागतें. मोटार बंद, झडपा मिटलेल्या आणि दोषाचा दिवा लागलेला, अशा निर्धोक स्थितींत यंत्रानें थांबणें, हें त्यानें चालत राहून मग भलत्या वेळीं दगा देण्यापेक्षां केव्हांहि बरें.

एका पर्यायाचें महत्त्व किती असूं शकतें, हें १९९७ सालीं मंगळ ग्रहावर दिसून आलें. अमेरिकेचें 'पाथफाइंडर' यान त्या वर्षीं ४ जुलै रोजीं मंगळावर उतरलें. त्यांत 'व्हीएक्सवर्क्स' नांवाची कार्यप्रणाली होती. कांहीं दिवसांनीं यानांतील संगणक मधूनमधून आपण होऊन नव्यानें सुरू होऊं लागला, आणि त्या दिवसाचें उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर जाऊं लागलें. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींतील मंडळींनीं पृथ्वीवरील प्रतियंत्रावर तोच प्रसंग घडवून आणला, तेव्हां कारण सांपडलें. हवामानाची माहिती गोळा करणारें हलक्या अग्रक्रमाचें काम एका कुलपाची किल्ली हातीं धरून बसे. मधल्या अग्रक्रमाचीं कामें त्याला पुढें सरकूं देत नसत. आणि त्याच किल्लीची वाट पहात वरच्या अग्रक्रमाचें एक महत्त्वाचें काम अडकून पडे. तें काम वेळेवर झालें नाहीं असें पाहून संगणक स्वतःस नव्यानें सुरू करी. किल्ली धरणाऱ्याला वाट पहाणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता बहाल करण्याची सोय व्हीएक्सवर्क्समध्यें होती. त्या एका कुलपापुरती ती बंद राहिलेली होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू करण्यांत आली, आणि दोष नाहींसा झाला. येथें चुकीचा पर्याय चिपेविषयींचा नव्हता. परंतु धडा तोच आहे. उड्डाणापूर्वींच्या परीक्षांतहि हा प्रकार क्वचित् घडला होता, पण त्याचा उलगडा झाला नव्हता. सुदैवानें घडामोडींची नोंद ठेवणारें साधन यानाच्या प्रोग्रामांत तसेंच राहूं दिलेलें होतें, म्हणून तो उलगडा पुढें तरी होऊं शकला.

तपासणीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. चिपेला तिची जात विचारतां येते, कारण कॉर्टेक्स-एमच्या प्रत्येक चिपेंत ओळखीचा आंकडा कोरलेला असतो. पुष्कळ चिपांत आंतील ढोबळ घड्याळाशीं बाहेरचें स्फटिकाचें घड्याळ ताडून मोठा फरक पकडतां येतो. परंतु पाण्याच्या झडपेची तार मोटारीच्या जागीं डाखली गेली असेल, तर तें चिपेला कळण्याचा मार्ग नाहीं. तेथें मनुष्यानें हातांत नकाशा घेऊन, एकेक तार बोटानें धरून पहावी हेंच खरें. तसेंच, तपासणीच्या अटी लिहिणाराहि मनुष्यच असतो आणि तोहि चुकतो. म्हणून जाणते कारागीर मुद्दाम चुकीची यादी भरून पहातात आणि यंत्र खरोखर थांबतें कीं नाहीं याची खात्री करून घेतात. जी तपासणी एकदांहि नापास करीत नाहीं, ती जागी आहे कीं निजली आहे हें अन्यथा कळावें कसें?

घरांतील माणसाला या याद्या दिसत नाहींत, आणि त्या तपासण्याची अपेक्षाहि त्याच्याकडून नाहीं. तरी नवें यंत्र सुरू करतांना त्याचे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि मग तें कामाला लागतें, तो क्षण पुष्कळदां असल्या स्वतःच्या तपासणीचा असतो. एखादे वेळीं यंत्र तेथेंच अडतें आणि दोषाचा आंकडा दाखवून थांबतें. अशा वेळीं घरांत चिडचीड होते, शेजारी तें पुन्हां पुन्हां बंद-चालू करून पहाण्याचा सल्ला देतात. तो दाखविलेला आंकडा टिपून घ्यावा आणि दुरुस्तीला येणाऱ्यास सांगावा. विजेच्या पेटींतील योग्य जाडीची तार जेव्हां वितळते, तेव्हां घरांत अंधार होतो खरा. पण भिंतींतील आग त्या अंधारानेंच टळलेली असते.